यंत्राला हात न लावल्याचा दाखला

काम आणि कामाचा अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्याला एक मिळतं त्याला दुसरी सहसा मिळत नाही. ही वाटणी मुळात कोणी केली हे सांगता येत नाही. पण शाळा, समित्या आणि कंपन्या यांनी ती अत्यंत निष्ठेने सांभाळली आहे, आणि त्याबद्दल त्यांचे आभार कोणी मानत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी पुढील मजकूर.

१. पार्श्वभूमी

१९९७च्या जानेवारीत हजीऱ्याच्या एका मोठ्या कंपनीने (नावाची गरज नाही, चिमणी लांबून दिसते) सुरतेतल्या शाळांना एक पत्र पाठवलं. प्रत्येक माध्यमातून अकरावीचा एक विद्यार्थी मे महिन्यात चार आठवडे कारखान्यात शिकायला घेऊ. फोटोचा गेटपास, पिवळं हेल्मेट, दुपारचं जेवण कँटीनमध्ये. जो बरा निघेल त्याला बारावीनंतर कंपनीच्या खर्चाने डिप्लोमा, आणि पुढे नोकरी.

मराठी माध्यमासाठी जागा: एक.

अट: उमेदवारास कामाचा पूर्वानुभव असावा. दाखला जोडावा.

(कंपनी अनुभव देणार होती, त्यासाठी आधी अनुभव मागत होती. यात ज्यांना विसंगती दिसते त्यांनी बँकेत कधी कर्ज मागितलेलं नसावं.)

२. समिती

पत्र येताच शहरातल्या जाणत्या मराठी मंडळींनी कार्यानुभव मार्गदर्शन समिती स्थापन केली. सभासद पाच. त्यांपैकी तीन बँकेत, एक विमा कचेरीत, एक निवृत्त. अध्यक्ष श्री. चंद्रकांत लिमये, शाखाधिकारी. समितीच्या बैठका त्यांच्याच दिवाणखान्यात होत, आणि चिवडा अलकाबेन सोडून सगळे खात. अलकाबेन म्हणजे अलका दातार, उधन्याजवळच्या मराठी शाळेतल्या शिक्षिका. त्या सभासद नव्हत्या. त्यांना फक्त चहा चालायचा, आणि बैठकीत फक्त टिपणं घ्यायची परवानगी होती.

समितीने प्रथम पाहणी केली. पाहणीचे निष्कर्ष:

अकरावीतले एकूण विद्यार्थी: त्रेचाळीस.
पैकी कामाचा अनुभव असलेले: शून्य.
कामावर असल्यामुळे पाहणीच्या वेळी गैरहजर: एकोणतीस.

या एकोणतीस जणांना अनुभव मिळवून देण्याची निकड समितीला विशेष जाणवली.

३.

(हे कलम समितीच्या विचाराधीन आहे.)

४. नमुना

समितीने दाखल्याचा एक नमुना छापून घेतला. तो इतका निर्दोष होता की कंपनीनेही तोच ग्राह्य धरायचं ठरवलं. महत्त्वाचा भाग असा:

*"सदर विद्यार्थ्याने/विद्यार्थिनीने आमच्या संस्थेत सलग पंधरा दिवस उपस्थित राहून कामाचे निरीक्षण केले. या काळात त्याने/तिने कोणत्याही यंत्रास हात लावला नाही. वर्तणूक चांगली."*

हात लावण्यासंबंधीचं वाक्य लिमयेसाहेबांचं. "उद्या कोणाचं बोट गेलं तर जबाबदार कोण?" असा प्रश्न त्यांनी विचारला होता, आणि पाचही सभासदांनी आपापल्या बोटांकडे पाहिलं होतं.

५. एक आदर्श उमेदवार

अध्यक्षांचे चिरंजीव अभिजीत हेही अकरावीतच होते, हा निव्वळ योगायोग. त्यांनी वडिलांच्या परिचयातल्या एका कार्यालयात अनुभव घेतला. त्यांच्या वहीतून:

*दिवस १. सर्वांशी ओळख करून घेतली.*
*दिवस २. फॅक्स मशीन पाहिले.*
*दिवस ३. फॅक्स मशीन चालताना पाहिले.*
*दिवस ४. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढल्या.*
*दिवस ५. आत गेलो. कॉम्प्युटरवर कव्हर होते.*
*दिवस ६ ते १४. साहेब बाहेरगावी.*
*दिवस १५. निरोप समारंभ. सामोसे.*

ही वही समितीने इतरांना दाखवण्यासाठी ठेवून घेतली आहे.

६. एक अडचणीचा उमेदवार

गायत्री हेमराज बागुल. राहणार लिंबायत. वर्गात पहिली किंवा दुसरी, त्या आठवड्यात तिला झोप किती मिळाली त्यावर अवलंबून. सातवीपासून सकाळी शाळा आणि दुपारी दोनपासून उधन्याला मगनभाईंच्या लूम कारखान्यात. बॉबिन भरते. मागावर ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, नवा रूळ चढला की आईच्या शेजारी बसून जुन्या धाग्यांच्या टोकांना नव्याची टोकं गाठीने जोडते. एका रुळाला टोकं सुमारे चार हजार. तिचे वडील हेमराज त्याच छपराखाली माग चालवतात.

थोडक्यात, अनुभव नाही.

"बेन, मला त्या जागेसाठी अर्ज करायचाय," ती शाळेत अलकाबेनना म्हणाली. "डिप्लोमा झाला तर मी इथून सुटेन."

"मग शेठकडून दाखला आण की. चार वर्षं झाली तुला."

"शेठ मला ओळखतच नाहीत म्हणतील."

"असं कसं म्हणतील?"

गायत्री हसली. अलकाबेन पुण्याहून लग्न होऊन आलेल्या आहेत, हे तिच्या लक्षात होतं.

७. कारखान्याची रचना

वाचकांच्या सोयीसाठी येथे मगनभाईंच्या कारखान्याचं वर्णन देणं भाग आहे.

पत्र्याचं एक छप्पर. त्याखाली अठ्ठेचाळीस माग. दारावर सहा पाट्या. पहिली कंपनी मगनभाईंची, दुसरी पत्नीची, तिसरी भावाची, चौथी भावजयीची, पाचवी स्वर्गवासी वडिलांची, सहावी नातवाची (जन्म: गेली दिवाळी). प्रत्येक कंपनीकडे आठ माग. कामगार जास्त झाले की सरकारचे कायदे सुरू होतात आणि कायदे सुरू झाले की कामगारांना फार त्रास होतो, म्हणून मगनभाईंनी ही काळजी घेतली आहे. कंपन्यांच्या सरहद्दी फरशीवर पिवळ्या रंगाने आखल्या आहेत.

हेमराज बारा माग सांभाळतात. म्हणजे पाळीत त्यांना सुमारे दोनशे वेळा पिवळी रेघ ओलांडावी लागते. दिवसातून दोनशे वेळा नोकरी बदलणारा दुसरा माणूस आमच्या माहितीत नाही. इतकी संधी लिमयेसाहेबांनाही मिळालेली नाही. ते एकाच बँकेत एकवीस वर्षं अडकून पडले आहेत.

८. वाटाघाटी

अलकाबेन गायत्रीला घेऊन उधन्याला गेल्या. मगनभाई बाहेरच खुर्ची टाकून बसले होते. हेमराज दारात येऊन उभे राहिले.

"मगनभाई, या मुलीला एक दाखला हवाय," अलकाबेन आतल्या खडखडाटावर आवाज चढवून म्हणाल्या. "चार वर्षं तुमच्याकडे काम करते, एवढंच लिहायचं!"

"बेन, धीरे बोलो," मगनभाई म्हणाले.

(अठ्ठेचाळीस माग चालू असताना हे वाक्य सुरतेत प्रथमच उच्चारलं गेलं असावं.)

"त्यात लपवायचं काय?"

"मारे त्यां तो कोई काम ज नथी करतुं, बेन. रजिस्टर देख लो."

"मग हे माग चालवतं कोण?"

"भगवान."

हेमराज हळूच म्हणाले, "शेठ, लडकी का भविष्य का सवाल है."

"अरे हेमराज, तेरा मैं मना करता हूँ क्या? पण तू ही बोल, मैं लिख के दूँ के चौदह साल की... सोलह साल की... कितनी की है ये?"

"सोळा."

"और आई तब?"

हेमराज पत्र्याकडे पाहू लागले.

"देखो बेन," मगनभाई म्हणाले, "मैं लिखूँगा तो मैं जाऊँगा. मैं गया तो ये चालीस माणस क्याँ जशे?"

अलकाबेननी निराश होऊन समितीचा छापील नमुना पर्समध्ये परत घालायला घेतला. मगनभाईंनी तो मागितला. चष्मा लावून वाचला. 'कोणत्याही यंत्रास हात लावला नाही' या ओळीवर त्यांचं बोट थांबलं, आणि चेहरा उजळला.

"अरे, आ तो बहु सरस फॉर्म छे! पहले बोलना था ना! इसका कितना कॉपी है आपके पास?"

"का?"

"सबका लाओ. हेमराज का लाओ, इसकी मम्मी का लाओ. चालीस लाओ! मैं अभी सही करता हूँ."

अलकाबेननी एकच दिला. मगनभाईंनी पेन उघडलं, आणि मग बंद केलं. कारण मगनभाई प्रामाणिक गृहस्थ आहेत. ऑफिसात हनुमानाची तसबीर आहे.

"पण खोटुं नहीं लिखूँगा. पंदरा दिन सच में बैठना पडेगा. मशीन को हाथ नहीं लगाना. फिर सही."

"मग हिचं बॉबिनचं काम?"

"वो तो तुम्हारे घर का मामला है," मगनभाई हेमराजना म्हणाले. "जगह खाली नहीं रहनी चाहिए."

९. गृहसभा

लिंबायतच्या खोलीत विषय मांडण्यात आला. गायत्रीची आई मंगलाबाई चुलीपासून हलल्या नाहीत.

"पंधरा दिन तुनं काम कोन करी?"

"मी फक्त बसून बघायचं, माय. मग दाखला मिळतो."

"बठी रहावाना दाखला भेटस?" मंगलाबाई मागे वळल्या. "मंग तुना मामाले पहिले द्या!"

सगळे हसले. मामा स्वतः हजर होते, तेही हसले. मग हसणं थांबलं आणि सगळ्यांची नजर एकाच दिशेला गेली. तिकडे गायत्रीची धाकटी बहीण जयश्री, इयत्ता सहावी, नकाशात नद्या भरत होती.

"हिना हात चपळ शे," मामा म्हणाले.

"पंधरा दिवसच," गायत्री म्हणाली. "नंतर मी आहेच."

ठराव एकमताने मंजूर. (जयश्रीचं मत विचारण्यात आलं नाही. ती अल्पवयीन आहे.)

१०. निरीक्षण

गायत्रीला पिवळ्या रेघेच्या अलीकडे एक प्लास्टिकचं स्टूल देण्यात आलं. पलीकडे बॉबिनच्या यंत्रावर जयश्री. वही पुढीलप्रमाणे:

*दिवस १. बॉबिन भरणारी कामगार वय अंदाजे साडेअकरा. पाय जमिनीला पोचत नाहीत. धागा दर चार मिनिटांनी तुटतो.*

*दिवस २. धागा दर चार मिनिटांनी तुटतो. कामगार माझ्याकडे बघते. मी वहीत बघते.*

*दिवस ४. दर सात मिनिटांनी.*

*दिवस ५. कामगाराने गाठ कशी मारायची ते ओरडून विचारले. नियमानुसार मी हात लावला नाही. लांबून बोटांनी हवेत करून दाखवले. हवा हे यंत्र नाही.*

*दिवस ६. कामगाराच्या बोटाला धाग्याने चीर गेली. हळद लावली. (घरी, पाळी संपल्यावर. त्यामुळे नियमभंग नाही.)*

*दिवस ८. कामगाराने शाळेत नद्यांचा नकाशा दिला नाही. छडी एक.*

*दिवस ९. दर वीस मिनिटांनी.*

*दिवस १२. कामगार आता माझ्याकडे बघत नाही.*

*दिवस १५. धागा तुटत नाही.*

वहीवर समितीचा शेरा: *निरीक्षण उत्तम. अक्षर सुधारावे. फॅक्स मशीनचा उल्लेख नाही.*

मगनभाईंनी सही केली आणि शिक्का मारला. सहापैकी कोणत्या कंपनीचा मारावा यावर थोडा विचार झाला. शेवटी नातवाचा मारला. तो या भानगडीत सर्वात निष्कलंक होता.

११. मुलाखत

सही-शिक्क्याच्या दुसऱ्याच दिवशी, मार्चमध्ये, हजीऱ्याला मुलाखती झाल्या. मराठी माध्यमातून दाखल्यासह अर्ज दोनच. तेरा जणांच्या वडिलांच्या परिचयात कार्यालय नव्हतं, आणि कामावर जाणाऱ्या उरलेल्या अठ्ठावीस जणांना पंधरा दिवस रिकामं बसणं जमलं नव्हतं. (यातून त्यांची चिकाटीची उणीव दिसते.) कंपनीचे अधिकारी साहेब टेबलामागे, आणि समितीचे प्रतिनिधी म्हणून लिमयेसाहेब शेजारी. एसी इतका होता की गायत्रीने ओढणी खांद्यावर घट्ट घेतली.

"तू लूम कारखान्यात निरीक्षण केलंस," अधिकारी म्हणाले. "छान. मला सांग, चालू मागावर ताण्याचा धागा तुटला तर काय करतात?"

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला होता. त्यांचा दोष नाही.

"माग लगेच थांबवायचा, सर. नाहीतर कापडात उभी रेघ पडते. तुटलेलं टोक मागून शोधायचं. तिथे ते शेजारच्या धाग्यात अडकलेलं असतं, ते आधी सोडवायचं. वर दुसरा दोरा जोडायचा, गाठ अशी आत घ्यायची, पीळ उलटा द्यायचा, म्हणजे गाठ बारीक बसते आणि फणीतून निघते. मोठी गाठ फणीत अडकते आणि शेजारचे चार तुटतात. पावसाळ्यात धागा ओढताना जरा..."

बोलताना तिची बोटं टेबलावर काहीच नसलेल्या दोऱ्याला गाठी मारत होती. एक झाली, दुसरी झाली. अधिकारी पुढे झुकले. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर खरा आनंद दिसला. ते स्वतः कधीकाळी वर्कशॉपमधून वर आले होते.

"वा! हात बघू."

तिने हात पुढे केला. तर्जनीच्या पेरावर धाग्याने पाडलेली खाच होती, चार वर्षांची, पक्की.

अधिकाऱ्यांनी खाच पाहिली. मग दाखला पाहिला. मग लिमयेसाहेबांकडे पाहिलं. आनंद गेला.

"यात लिहिलंय, कोणत्याही यंत्राला हात लावला नाही."

"नाही लावला, सर. पंधरा दिवस."

"आणि त्याआधी?"

इथे उमेदवाराला खोटं बोलण्याची पूर्ण मुभा होती, हे समिती नमूद करू इच्छिते. लिमयेसाहेबांनी खोकूनही दाखवलं.

"त्याआधी चार वर्षं रोज लावला," गायत्री म्हणाली. "म्हणून तर येतं, सर."

निर्णयाची कारणमीमांसा, जशी फाईलवर आहे:

(अ) उमेदवार काम जाणते.
(आ) काम जाणते म्हणजे तिने काम केले आहे.
(इ) केले असल्यास ते वयाच्या बाराव्या वर्षापासून केले आहे, आणि कंपनीला याच वर्षी गुणवत्तेचं परदेशी प्रमाणपत्र मिळायचं असल्याने अशा प्रकारांशी संबंध ठेवता येत नाही.
(ई) केले नसल्यास ती खोटे बोलते.
(उ) दोन्ही परिस्थितींत अपात्र.

पुढचा उमेदवार, चि. अभिजीत. त्यांनाही तोच प्रश्न विचारण्यात आला: काही तुटलं तर काय करतात?

"सर," ते म्हणाले, "माझ्या निरीक्षणाच्या काळात काही तुटलं नाही."

हात पाहण्यात आले. गुळगुळीत होते. दाखला हाताशी तंतोतंत जुळत होता. निवड झाली.

१२. सांत्वन

बाहेर पोर्चमध्ये लिमयेसाहेब गायत्रीला भेटले. ते मनाने वाईट नाहीत. आम्ही त्यांना ओळखतो.

"अगं, इतकं खरं कशाला बोलायचं? हुशार आहेस तू. हे बघ, मी शब्द टाकतो, पुढच्या वर्षी बारावीच्या मुलांनाही घेतील. फक्त एक कर. मधलं वर्षभर काही काम करू नकोस. ते बोटाचं भरून येईल."

"वर्षभर?"

"सहा महिन्यांतही येतं. रात्री व्हॅसलिन लाव."

गायत्री दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला उधन्याला गेली. बॉबिनवर जयश्री होती. तिने वर पाहिलं नाही.

"जया, ऊठ. आता मी आहे."

"शेठ म्हणतात छोटीचा हात साफ आहे," जयश्री म्हणाली. तिची बोटं थांबली नाहीत. "मी शाळा सोडली. ताई, तू टोकांवर बस, माय थकलीय."

ठरल्याप्रमाणे जागा रिकामी राहिली नव्हती. कंपनीला एक जागा भरायची होती, ती भरली. मगनभाईंकडे एक होती, तिच्या दोन झाल्या. समितीच्या वार्षिक अहवालात 'योजनेमुळे कामाला लागलेले विद्यार्थी: दोन' अशी नोंद आहे, आणि ती अक्षरशः खरी आहे. अलकाबेननी तेवढ्या एका आकड्यावर सही करायला नकार दिला. समितीच्या नियमांनुसार टिपणं घेणाऱ्याची सही लागत नाही.

१३. वाचकांसाठी

आपण इथवर वाचलंत. याचा अर्थ आपण उधन्याचा कारखाना, लिंबायतची खोली आणि हजीऱ्याचं ऑफिस अशा तिन्ही ठिकाणी सलग उपस्थित राहिलात. सहाव्या दिवशी बोटाला चीर गेली तेव्हा आपण तिथेच होता. पंधराव्या दिवशी धागा तुटत नव्हता, तेही आपण पाहिलंत. मध्ये आपल्याला वाईटही वाटलं असेल. नियमांत त्याला मनाई नाही. मात्र संपूर्ण काळात आपण स्टुलावरून उठला नाहीत आणि कशालाही हात लावला नाहीत.

समितीच्या निकषांनुसार आपला कार्यानुभव पूर्ण झाला आहे. नमुना खाली जोडला आहे. सही-शिक्का आधीच मारलेला आहे; फक्त नाव भरायचं.

नाव स्वतःचंच हवं असं बंधन नाही. यापूर्वीच्या सर्व वाचकांनी या जागी आपल्या मुलाचं लिहिलं आहे.

*नाव: ..............................*

*वर्तणूक: चांगली.*